मोटर तापते, फ्यूज उडतो आणि पाणबुडी रांगते: मोठ्या आरसी पाणबुडीत मोटर आणि गिअरिंगचा मेळ

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. दीड-दोन मीटरची, रिमोटवर चालणारी (आरसी) पाणबुडी, आत १२ व्होल्टची दणकट ७७५ मापाची मोटर, थेट प्रोपेलरच्या शाफ्टला जोडलेली. तळ्यात पहिली पाच मिनिटं झोकात जातात. मग वेग मंदावतो आणि स्पीड कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणारं सर्किट) मध्येच मान टाकतो. बोट काठावर आणून मोटर-बॅटरीचं बंद नळकांडं उघडलं की करपलेल्या वार्निशचा वास येतो. उपाय म्हणून आणखी मोठी मोटर बसवली जाते, आणि पुढच्या रविवारी तळ्यावर पुन्हा तेच.

मोटर लहान पडते म्हणून हे होत नाही. प्रोपेलरला जेवढे फेरे हवे असतात आणि ज्या फेऱ्यांवर मोटर सुखाने चालते, त्यांत तिप्पट-चौपट फरक असतो. तो फरक भरून काढणारं मध्ये काही नसेल तर मोटर कायम दबलेली राहते आणि बॅटरीची ताकद पाण्यात जाण्याऐवजी मोटरच्या तांब्याच्या तारेत जळते. म्हणून मोटर निवडताना सुरुवात मोटरपासून करायची नाही. बोटीच्या वेगापासून करायची आणि मागे मागे यायचं.

आधी बोट काय मागते ते काढा

उदाहरणाला आयएनएस खांदेरी घेऊ. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २०१९ मध्ये नौदलात दाखल झालेली, कलवरी वर्गातली, एकाच शाफ्टची पाणबुडी. लांबी ६७.५ मीटर, रुंदी ६.२ मीटर, पाण्याखालचा वेग २० नॉट. १:४० प्रमाणात ती सुमारे १.६९ मीटर लांब आणि १५५ मिमी रुंद होते. १,७७५ टनांचं विस्थापन ४० च्या घनाने भागलं की जवळजवळ २८ किलो येतं. बाहेरच्या कवचाच्या पोकळ्यांत भरणारं पाणी वेगळंच, आणि तेही मोटरलाच ओढायचं असतं.

वेग मात्र ४० ने भागायचा नाही, ४० च्या वर्गमूळाने भागायचा. २० भागिले ६.३२ म्हणजे ३.१६ नॉट, म्हणजे सेकंदाला १.६ मीटर. झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग. एवढ्यावर बोट पाण्यात खरी वाटते. याच्या दुप्पट वेगाचा हट्ट धरला तर ताकद आठपट लागते, आणि बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा त्या हट्टातच असते.

या आकाराच्या बोटीला सेकंदाला १.६ मीटर वेगाने पाण्याखालून ढकलायला साधारण ७ न्यूटन रेटा लागतो. ७ गुणिले १.६ म्हणजे ११ वॅट. प्रोपेलर यातलं निम्मंच कामाला लावतो असं धरलं तर शाफ्टवर २० ते २२ वॅट पुरतात. हा आकडा पाहून बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही, कारण त्यांची बोट बॅटरीतून १५० वॅट खात असते.

आता फेरे. ८० मिमी व्यासाचा आणि ८० मिमी पिचचा (एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) पितळी प्रोपेलर धरा. घसर, म्हणजे पाणी निसटल्याने वाया जाणारं अंतर, नसती तर १.६ मीटरला सेकंदाला २० फेरे लागले असते. पाणबुडीच्या शेपटीमागे एक तृतीयांश घसर धरायची, म्हणजे ३० फेरे, मिनिटाला १,८००. त्या फेऱ्यांवर शाफ्टला लागणारा टॉर्क (पिळाचा जोर) सुमारे ०.११ न्यूटन-मीटर. १,८०० फेरे आणि ०.११ न्यूटन-मीटर हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढचं सगळं यांवर उभं आहे.

पाच किंवा सात रुंद, मागे झुकलेल्या पात्यांचा हुबेहूब प्रोपेलर असेल तर त्याच फेऱ्यांवर टॉर्क आणखी वाढतो. तो दिसायला देखणा असतो, पण त्याची किंमत करंटमध्ये मोजावी लागते.

तीच मोटर, गिअरशिवाय आणि गिअरसकट

मोटर अशी घ्या की १२ व्होल्टवर, भाराविना, ती मिनिटाला ६,००० फेरे देते. वाइंडिंगचा रोध अर्धा ओहम, रिकामा करंट ०.७ ॲम्पिअर.

थेट जोडली आणि पूर्ण थ्रॉटल दिला तर प्रोपेलर तिला २,६५० च्या आसपास दाबून धरतो. करंट साडेतेरा ॲम्पिअर. बॅटरीतून १६० वॅट निघतात, शाफ्टवर ७० पोहोचतात, उरलेले ९० वॅट बंद नळकांड्यात उष्णता म्हणून राहतात. सोल्डरिंगच्या दोन इस्त्र्या आत चालू ठेवून झाकण लावल्यासारखंच झालं हे.

थ्रॉटल कमी केला तर प्रश्न सुटेल, असा समज असतो. सुटत नाही. थ्रॉटल अर्ध्यावर आणून प्रोपेलर १,८०० वर ठेवला तरी ०.११ न्यूटन-मीटर टॉर्क एकट्या मोटरला द्यावाच लागतो आणि त्यासाठी तिच्यातून साडेसहा ॲम्पिअर जातात. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे तांब्यात २१ वॅट.

आता ३:१ गिअरिंग, म्हणजे मोटरच्या तीन फेऱ्यांना प्रोपेलरचा एक. मोटर ५,३०० वर, प्रोपेलर १,७७५ वर, करंट २.७ ॲम्पिअर, तांब्यातली उष्णता साडेतीन-चार वॅट. बोटीचा वेग तोच. मोटर, बॅटरी, प्रोपेलर काहीही बदललेलं नाही, फक्त दोन पुली आणि एक बेल्ट मध्ये आला आहे.

गुणोत्तर काढायची रीत सोपी आहे. ब्रशवाली मोटर रिकाम्या फेऱ्यांच्या ८५ ते ९० टक्क्यांवर चालत असेल तर ती थंड आणि किफायतशीर राहते. ६,००० चे ८८ टक्के म्हणजे ५,३००. भागिले १,८००, उत्तर २.९, म्हणजे ३.

७७५ विकत घेताना

७७५ हे फक्त डब्याचं माप आहे. ४२ मिमी व्यास आणि सहसा ५ मिमी शाफ्ट, एवढंच ते सांगतं. त्याच डब्यात ३,००० फेऱ्यांचीही मोटर येते आणि २०,००० चीही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत नुसतं 'सात-पंच्याहत्तर द्या' म्हटलं तर बहुधा ड्रिल मशीनची, पळणारी मोटर हातात पडते. लेबल नीट वाचा. '२४ व्होल्ट, १२,००० फेरे' लिहिलेली मोटर १२ व्होल्टवर ६,००० देते, ती आपल्या कामाची. लेबलवर भरवसा नसेल तर पुलीवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजा.

ड्रिलच्या मोटरीची आणखी एक खोड. ब्रश थोडे सरकवून ती एकाच दिशेसाठी जुळवलेली असते. उलट फिरवली की ठिणग्या वाढतात, मोटर तापते आणि ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळा पडतो. दोन्ही दिशांना रिकामा करंट मोजून पाहा. फरक ठळक असेल तर कमी करंटची दिशा 'पुढे' साठी वापरा. बेल्टने दिशा बदलत नाही, दोन दातेरी चाकांच्या साध्या गिअरजोडीने बदलते, हे प्रोपेलरचा हात (तो डावीकडे फिरून पुढे ढकलतो की उजवीकडे) ठरवण्याआधी लक्षात घ्या.

जॉन्सनच्या तयार गिअर मोटरी स्वस्त आणि सहज मिळतात, म्हणून १,००० फेऱ्यांची घ्यावी असं वाटतं. ती चालते, जळत नाही, पण लेबलवरचे फेरे रिकामे असतात आणि बोट सेकंदाला ०.९ मीटरच्या वर जात नाही. पृष्ठभागावर खांदेरीचा ११ नॉटचा प्रमाणबद्ध वेग तेवढाच आहे, तेव्हा वर फिरवायला ठीक. पाण्याखाली मात्र डायव्ह प्लेनची (बोट वर-खाली नेणाऱ्या आडव्या पंखांची) पकड वेगाच्या वर्गाने घटते आणि १.६ मीटरच्या तुलनेत ती एक तृतीयांशच उरते. मग लोक सर्व्होला, म्हणजे ते पंख हलवणाऱ्या छोट्या मोटरला, दोष देतात. शिवाय त्या गिअरबॉक्सची करकर पाण्यात दूरवर ऐकू येते. पाणबुडीला ते शोभत नाही.

ब्रशलेस वापरायची असेल तर सेन्सरवाली घ्या. बिनसेन्सरची मोटर अगदी मंद फेऱ्यांवर अडखळते, आणि पेरिस्कोप डेप्थला (पृष्ठभागाच्या जेमतेम खाली) हळूहळू सरकणं हाच तर पाणबुडीचा खरा आनंद आहे.

३:१ ची बेल्ट जोडणी

थ्रीडी प्रिंटरचे सुटे भाग इथे देवासारखे धावून येतात. जीटी२ (दर २ मिमीला एक दात असलेला), ६ मिमी रुंदीचा बेल्ट, मोटरवर २० दाती पुली, शाफ्टवर ६० दाती. या टॉर्कला ६ मिमी बेल्ट पुरून उरतो.

बंद बेल्ट १५८ मिमीचा, म्हणजे ७९ दातांचा घ्या. दोन्ही शाफ्टच्या केंद्रांतलं अंतर ३६.८ मिमी येतं आणि लहान पुलीवर सात-साडेसात दात धरलेले राहतात. १४० मिमीचा बेल्ट कागदावर बसतो, अंतर २७ मिमी येतं, पण प्रत्यक्षात दोन्ही पुलींच्या कडा एकमेकींवर घासतात. हा बेल्ट घेऊन फसणारे पुष्कळ.

नळकांडं ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपचं असेल तर आतली त्रिज्या जेमतेम ५१ मिमी. शाफ्ट मधोमध ठेवला तर मोटर ३६.८ अधिक २१, म्हणजे ५८ मिमीवर जाते, मावत नाही. शाफ्टचं भोक नळकांड्याच्या केंद्रापासून १० मिमी खाली पाडा आणि मोटर वर ठेवा, म्हणजे सगळं ४८ मिमीत बसतं. वजन खाली हवं म्हणून मोटर खाली ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. शाफ्टभोवतीच्या रबरी सीलमधून येणारं पहिलं चमचाभर पाणी तळाशीच साचतं.

मोटरच्या प्लेटला स्क्रूची भोकं गोल न पाडता ३-४ मिमी लांबट खाचा करा. बेल्ट ताणायला त्या लागतात. पुढे २० दाती पुलीच्या जागी १६ दाती बसवायची वेळ आली तर अंतर ३८.५ मिमी होतं, तेही त्याच खाचांत भागतं. या एका बदलाने गुणोत्तर ३.७५:१ होतं, करंट २.७ वरून १.८ वर येतो आणि वेग १.६ वरून १.३ मीटरवर. सात पात्यांच्या जड प्रोपेलरसाठी ही पुली डब्यात असू द्या.

बेल्टचा ताण किती? मधोमध बोटाने दाबल्यावर दीड-दोन मिमी आत गेला पाहिजे. सतारीच्या तारेसारखा टणत्कार करत असेल तर जास्त झाला. तेवढ्याने बेअरिंगवर बाजूचा भार येतो आणि रिकामा करंट वाढतो.

पुली घसरते ती ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) गोल शाफ्टवर कसल्यामुळे. कानशीने शाफ्टवर स्क्रूपुरती अर्धा मिमी खोल सपाट जागा करा, कडा गुळगुळीत करा, पेट्रोलने पुसा, निळ्या लोकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावून स्क्रू त्या सपाटीवरच कसा. ६० दाती पुली ५ मिमी भोकाची मिळाली आणि शाफ्ट ६ मिमी असेल तर भोक लेथवाल्याकडूनच मोठं करून घ्या. हातातल्या ड्रिलने पाडलेलं भोक वाकडं जातं आणि बेल्ट दर फेऱ्याला घट्ट-सैल होतो.

मोटरची प्लेट ६ मिमी ॲल्युमिनिअमची असावी आणि ती ॲल्युमिनिअमच्याच मागच्या झाकणाला घट्ट टेकलेली असावी. मोटरमधला पंखा बंद नळकांड्यात तीच गरम हवा घुसळतो. उष्णता बाहेर जायला पाण्याला लागलेला धातू लागतो, पीव्हीसीतून ती जात नाही.

सील: लपलेला ब्रेक

गिअरिंग बरोबर असूनही करंट जास्त येत असेल तर पहिला संशय ऑइल सीलवर घ्या. सीलचं काम पाणी अडवण्याचं, शाफ्ट पेलण्याचं नाही. ६० दाती पुलीच्या शेजारी स्वतंत्र बेअरिंग नसेल तर बेल्ट शाफ्टला एका बाजूला ओढतो. सीलची ओठासारखी कडा त्या बाजूला दबते आणि समोरच्या बाजूला फट पडते. तिथून पाणी येतं. मग माणूस आणखी घट्ट सील बसवतो, आणि मोटर पुन्हा तापू लागते.

दोन सील पाठीला पाठ लावून बसवा आणि मध्ये सिलिकॉन ग्रीस भरा. बाहेरच्या सीलची स्प्रिंगची बाजू पाण्याकडे असली पाहिजे. शाफ्टवर सील टेकतो तिथे नखाने आडवं घासून पाहा. नखाला चर लागला तर शाफ्ट बदला, नवा सील टाकून काही उपयोग नाही.

तीन मापं, याच क्रमाने

एक डीसी क्लॅम्प मीटर किंवा वॅटमीटर बॅटरीच्या वायरवर लावा आणि १२ व्होल्टवर, पूर्ण थ्रॉटलला मोजा.

१. मोटर एकटी, बेल्ट काढलेला. वरच्या मोटरसाठी ०.७ ॲम्पिअर. दीडच्या वर गेला तर मोटरच्याच बेअरिंगमध्ये किंवा ब्रशमध्ये दोष आहे.

२. बेल्ट, शाफ्ट, सील सगळं जोडून, प्रोपेलर काढून. काही सेकंदच चालवा, सील कोरडा जळतो. वाढ ०.३ पर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर बेल्टचा ताण, शाफ्टची सरळ रेषा आणि सील, याच क्रमाने तपासा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा, नाहीतर नेमकं काय सुधारलं ते कळत नाही.

३. बोट पाण्यात बुडवून, घाटाच्या पायरीला दोरीने बांधून. इथे ३.७ ते ४ ॲम्पिअर येतील. घाबरू नका. बोट जागेवर असताना प्रोपेलरचा टॉर्क दीडपट होतो, चालायला लागली की २.७ ते ३ वर उतरतो. दोरीत ताणकाटा अडकवला तर सव्वा ते दीड किलो ओढ दिसली पाहिजे.

करंट बरोबर आणि ओढ कमी असेल तर प्रोपेलर उलटा बसला आहे किंवा डाव्या हाताचा उजवीकडे फिरतो आहे. पुढे-मागे दोन्हीकडे ओढ सारखीच आली तर उलटाच बसला असं समजा. करंटही कमी आणि ओढही कमी, तर गुणोत्तर गरजेपेक्षा जास्त आहे, मोटर आरामात आहे आणि प्रोपेलर उपाशी. ५:१ लावून बसलेल्या बोटींत हे दिसतं. अशा वेळी मोठी पुली कमी दातांची करा किंवा पिच वाढवा.

तिन्ही मापं बरोबर असूनही तळ्यात अर्ध्या तासाने करंट चढला तर शाफ्टवर काहीतरी गुंडाळलं गेलं आहे. आपल्याकडच्या तळ्यांत ते बहुधा पाणवनस्पतीचे तंतू असतात, आणि संक्रांतीनंतर महिनाभर पतंगाचा मांजा. मांजा प्रोपेलरच्या बॉसमागे (पाती जोडलेल्या मधल्या भागामागे) इतका बारीक गुंडाळतो की वरून दिसत नाही, आणि सीलची कडा कापत आत शिरतो. प्रोपेलर काढूनच पाहावं लागतं.

फ्यूज, बॅटरी आणि रेडिओ

मोटर जाम झाली तर १२ भागिले ०.५ म्हणजे २४ ॲम्पिअर ओढू शकते. स्पीड कंट्रोलर किमान ३०-४० ॲम्पिअरचा ठेवा, फ्यूज गाडीचा १० ॲम्पिअरचा ब्लेड. 'फ्यूज सारखा उडतो म्हणून २५ चा टाकला' हे वाक्य पुष्कळदा कानावर येतं, आणि पुढची तक्रार कंट्रोलर जळाल्याची असते. ३:१ गिअरिंगवर १० चा फ्यूज उडालाच तर तो खरं बोलतो आहे, अडथळा शोधा.

१२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवर लेड-ॲसिड बॅटरी दोन किलोच्या वर भरते आणि तळाचं वजन म्हणून उपयोगी पडते. तिची ७ ची क्षमता २० तासांच्या संथ वापरासाठी लिहिलेली असते. ३ ॲम्पिअरने वापरली तर ५ ते साडेपाचच मिळतात. तरी पूर्ण थ्रॉटलवर दीड तासाच्या वर निघतो. चार्ज मात्र नळकांडं उघडं ठेवूनच करा. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात.

बुडताच बोट आपोआप वर येते, फेलसेफ (सिग्नल तुटला की बोट वर आणणारी सोय) लागतो, ही तक्रार रेडिओची वाटते, पण मूळ अनेकदा मोटरमध्येच असतं. २.४ गिगाहर्ट्झ पाण्यात शिरत नाही, म्हणून पाणबुडीला २७, ४० किंवा ७२-७५ मेगाहर्ट्झचे जुने पट्टे लागतात, आणि ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट नेमका तिथेच पडतो. ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर, ज्यांवर १०४ छापलेलं असतं, थेट मोटरवर सोल्डर करा: एक दोन्ही टर्मिनलमध्ये, उरलेले दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला. डबा आधी कानशीने घासून चकचकीत करा, नाहीतर सोल्डर नुसतं टेकून राहतं. मोटरच्या दोन वायरींना पीळ द्या आणि रिसीव्हर नळकांड्याच्या दुसऱ्या टोकाला न्या. साडेतेराऐवजी अडीच-तीन ॲम्पिअर वाहू लागले की ठिणग्याही तेवढ्याच घटतात. बऱ्याच बोटींत गिअरिंग बदलल्यावर रेडिओची तक्रार हात न लावता गेलेली असते.

थ्रॉटल दिला की बोट एका कुशीवर कलते, तो प्रोपेलरच्या टॉर्कचा उलट धक्का. गुरुत्वमध्य उत्प्लावनमध्याच्या १० मिमी खाली असेल तर ०.११ न्यूटन-मीटरला दोन-अडीच अंशच कलते. ४ मिमीच खाली असेल तर सहा अंश, आणि तशी कललेली बोट वळवली की रडर (सुकाणू) थोडं डायव्ह प्लेनचं काम करतो आणि खोली बदलते. बॅटरी तळाला चिकटवा, शिशाचे तुकडे कीलमध्ये (तळाच्या कण्यात) सरकवा, कंट्रोलरमध्ये सुरुवातीचा चढ एक सेकंदाचा ठेवा, म्हणजे मोटर एकदम झटका देणार नाही. त्यानंतर ट्रिम (बोटीचा पाण्यातला समतोल) पुन्हा पाहून घ्या, कारण शिसं सरकवलं की नाक किंवा शेपूट हमखास खाली जातं.